शून्य सेकंदांत एक कोटी डबे

मे महिन्यातला शनिवार, मुलुंडला नुसता घामटा. आमच्या ऑफिसातल्या सावंताने बॉस मॅडमना छातीठोक सांगितलं होतं की जावा या संगणकभाषेची नवी आवृत्ती टाकली की आपलं बिलिंग सुसाट पळेल. मॅडम म्हणाल्या, "आज चारपर्यंत दाखवा, नाहीतर जुनीच राहील."

सावंताने चाचणी लिहिली. एक कोटी ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचे छोटे डबे, बनवायचे आणि वेळ मोजायचा. जुन्या आवृत्तीला अर्धा सेकंद लागला, नवीला शून्य.

"झकास! शून्य, बघ!"

मी विचारलं, "त्या डब्यांचं पुढे काय केलंस?"

"काय करायचंय? बनवले, सोडून दिले."

"अरे, मग नवीने ओळखलं की हे कोणी वापरणारच नाही. तिने एकही बनवला नाही."

"कामचुकार आहे की ही!"

"पाहुणे येणारच नसतील तर तू पोहे भिजवशील का?"

"वाट लागली यार, मी मॅडमना शून्य कळवलंसुद्धा!"

मग आम्ही प्रत्येक डबा एका यादीत ठेवायला लावला, म्हणजे तो बनवावाच लागेल, आणि दोन्ही आवृत्त्या पुन्हा पळवल्या. दोघींना एकेक सेकंद लागला. हा खरा आकडा कळल्यावर मॅडमनी जुनीच ठेवली.