न तुटणारी दोरी

…तुटत नाही म्हणे. कबूल आहे हो, नाही तुटली, तुटली असती तर बरं झालं असतं, निदान आवाज तरी आला असता. ही नायलॉनची दोरी नुसती ताणत गेली, ताणत गेली, गपचूप... पण धाकटा आमचा शहरात राहतो, त्याला कोण सांगणार?

तुम्हाला सांगतो, आई गेली. आमच्या डोंगराळ नारीनकडे माणूस गेलं की अंगणात लोकरीचा तंबू उभारतात. आत मयत, भोवती बायका, आणि आम्ही मुलगे बाहेर, कमरेला शेला बांधून, काठीवर टेकून रडत उभे. आता हा तंबू उभा राहतो कशावर? वर लाकडाचं कडं, त्याला चहूबाजूंनी वाशांचा रेटा, जितकं दाबाल तितकं घट्ट. पण तेच वासे खाली जाळीच्या भिंतीला बाहेर ढकलतात ना? ती फाकू नये म्हणून भोवती लोकरीचा पट्टा आवळायचा. आईनं स्वतः विणलेला. जरासा ताणायचा, मग हटून बसायचा, अगदी तिच्यासारखा.

तो पट्टा कुठाय? राजधानीत, बिश्केकला, एसेनच्या, म्हणजे धाकट्याच्या हॉटेलात, भिंतीवर. गिऱ्हाइकं त्याच्यापुढे फोटो काढतात. वर मला म्हणतो, "दादा, ही दोरी घे, हिनं ट्रक ओढतात." म्हटलं, अरे, ट्रक नाही ओढायचा, आईला ठेवायचंय. पण शहरात राहतो तो, त्याला कोण सांगणार?

सकाळी आवळली. दुपारी पाऊस, लोकर भिजून जड, दोरी सैल, भिंत फाकली, कडं खाली यायला लागलं आणि एक वासा निसटून उर्कुया मावशीच्या मांडीवर. मावशी विलापाच्या सुरातच म्हणते, "अगं बहिणी, तुझं छप्पर मला मारतंय गं..." बाहेरच्यांना वाटलं, दुःख अनावर झालं.

मी आत घुसलो, आईची पेटी ओढली, वर चढून कडं डोक्यावर घेतलं. मावशी खेकसली, "बायकांत कशाला शिरलास, लाज नाही?"

"उतरू का, मावशी?"

तिनं वर पाहिलं. "राहा, राहा."

मग आतून ओरडलो, "एसेन, सगळ्यांचे शेले सोड, गाठी मार, भोवती आवळ." त्यानं तेच बाहेर स्वतःचं म्हणून सांगितलं, अगदी पुढाऱ्यासारखं. आवळले. तंबू थांबला. पण शेलेही हळूहळू ताणतच होते, मला हलता येईना. आईला उचलली, नेली... आणि थोरला मुलगा पेटीवर उभा, खांदा द्यायचा तो छपराला देत. शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत.

आता गावात म्हणतात, एसेननं आईची लाज राखली, आणि थोरला? थोरला बायकांत जाऊन लपला होता. कुणाकुणाला सांगत बसू?

परवा निघताना एसेननं पाठ थोपटली. "दादा, काळजी नको, तुझ्या वेळी लोखंडी तंबू आणतो."

म्हटलं, आण बाबा. तेव्हाही मी आतच असणार, फक्त आडवा.