फिकट बलक

दवाखान्यात लेकीला लस टोचायला आम्ही रांगेत होतो. शेजारी कोंबड्या पाळणारे दीर-भावजय बसले होते. भावजयीच्या मांडीवर तान्हं बाळ होतं.

"वहिनी, बेकरीवाल्यानं अंडी परत पाठवली. बलक पांढराफटक निघतो म्हणे."

"निघणारच! मक्याऐवजी तांदळाच्या कण्या कोणी घातल्या?"

"मका मिळतोय कुठे?"

"देशात दरवर्षी मका वाढतोय म्हणतात ना?"

"वाढतोय की. पण पूर्वी कोंबड्यांना यायचा, आता इंधनाच्या कारखान्यात जातो."

"मग गाड्यांनाच म्हणावं, घाला अंडी!"

"हळू, बाळ उठेल. वहिनी, कोंबड्या विकून टाकू या का?"

"विका! सगळ्या विका!"

"सगळ्या?"

"अंडी उबवत खुडूक बसलेल्यांना हात लावायचा नाही."

"अहो, निम्म्या खुडूकच आहेत."

"मग मका शोधा ना, भाऊजी! इथं काय बसलात?"