ऐंशी लिटर खारं पाणी

नाही नाही, थांबा, एकटीने नका उचलू ताई — रिकामी दिसते म्हणून हलकी नसते ती काच, कंबर धरेल. बसा आधी. पाच मिनिटं बसा, कारण टाकी नेणं सोपं आहे, तिच्यात काही जगवणं — ते सांगायला हवं. मुलासाठी म्हणालात ना? सात वर्षांचा? आणि त्याला तेच हवेत, क्लाउनफिश, केशरी अंगावर पांढरे पट्टेवाले, आणि ते ज्यात लपतात ते फूल. ॲनिमोन. सगळ्यांना तेच हवं असतं. आणि तुमचा बेत काय — आज टाकी न्यायची, उद्या पाणी भरायचं, रविवारी मासे? हसू नका, मीही तसाच होतो. चाळीस वर्षं विजेच्या मोटारींचं काम केलं मी — जळलेली मोटार घ्यायची, आतली तार काढायची, नवी भरायची, पुन्हा फिरवून दाखवायची. त्यामुळे मला वाटलं, एक पंप, एक हीटर, एक दिवा, यात आहे काय? आहे. पाणी आहे. नळाचं चालत नाही, गाळलेलं लागतं, त्यात समुद्राचं मीठ — स्वयंपाकाचं नव्हे हं, दुकानात वेगळं मिळतं — ते विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, मग हे दगड रचायचे, आणि मग थांबायचं. किती? सहा आठवडे. एकही मासा नाही. नुसतं पाणी, दगड, आणि पंप आपला घुं घुं करतोय. कारण माशांची घाण पचवणारे जीव आधी त्या दगडांत वाढावे लागतात, डोळ्यांना न दिसणारे — ते नसले तर मासा स्वतःच्याच घाणीत मरतो. पाणी जुनं व्हावं लागतं. शेजारचे यायचे, काका, मासे कुठायत? मी म्हणायचो, निघालेत, गाडी लेट आहे.

हो, ती वही पण घेऊन जा, त्यात सगळं लिहिलंय. रोजचं. अक्षर? माझं कुठलं एवढं सुंदर अक्षर — मुलीचं आहे. बाहेरगावी असते ती. नोकरीला. रक्त तपासायच्या लॅबमध्ये. हुशार आहे, हात असा स्थिर की काय सांगू. पाणी तपासतात ना, छोट्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग कुठला येतो ते कागदावरच्या रंगांशी ताडून बघायचं — हिरवा आला तर अजून विष आहे, पिवळा आला तर पाणी निवळलं. पाणी भरल्याचा आठवा दिवस होता, मी हे करत इथेच बसलो होतो, चष्मा कपाळावर, थेंब कुठेही पडतोय. आणि मागून आवाज आला — ‘‘बाबा, बाटली सरळ धरा. तिरकी धरली की थेंब लहानमोठा पडतो.’’ ताई, चार महिन्यांनी ऐकलेलं पहिलं वाक्य ते. मागे वळून नाही बघितलं मी. म्हटलं, बघितलं तर जाईल. नुसती बाटली मागे धरली, तिने घेतली.

चार महिने म्हणजे — म्हणजे फोन नव्हता केला तिने. कामात होती. तर मग पुढचे पाच आठवडे तिनेच केलं सगळं. रोज सकाळी नळ्या धुवायची, थेंब मोजायची, वहीत तारीख, आकडा, खाली सही. मी म्हटलं, अगं सही कशाला, आपलीच टाकी. तर म्हणे, सवय आहे. सहा आठवडे भरले तेव्हा मासे आणले, दोन. त्यातली मोठी ती मादी, आणि ती टाकीत अशी दादागिरी करायची की विचारू नका — मुलीने टाकीत हात घातला साफ करायला, तर त्या मासोळीने बोटाला कडकडून चावा घेतला. दात असून नसल्यासारखे, पण आव बघा! आणि ही हसली. मोठ्याने हसली. मी स्वयंपाकघरात होतो, हातातली वाटी तशीच धरून उभा राहिलो. तिची आई जाऊन अकरा वर्षं झाली, त्यानंतर या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

देऊन का टाकतो? तिचीच इच्छा. चिठ्ठी सरकवली परवा दाराखालून — बाबा, टाकी कुणाला तरी द्या, म्हणून. हं? ...हो. बरोबर पकडलंत. बाहेरगावाहून दाराखालून चिठ्ठी कशी येईल. त्या खोलीत आहे ती. ते दार, कॅलेंडर लावलंय तेच. जरा हळू बोलू या. नाही, आजारी नाही. म्हणजे ताप वगैरे नाही. तुमच्याएवढीच असेल, बत्तीस वर्षांची. लॅबमध्ये दोन बाटल्यांची अदलाबदल झाली होती. एका बाईला सांगितलं गेलं, तुम्हाला काही नाही, आणि तिला होतं. कळायला चार महिने गेले. चौकशी झाली, त्यात निघालं की चिठ्ठ्या चुकीच्या चिकटवल्या बाहेरच्या खिडकीवर, जिथे रक्त घेतात तिथे, हिचा काहीही संबंध नाही — लेखी आहे माझ्याकडे. पण अहवालाखाली सही हिची. ती बाई पुढे वारली. ही तिच्या घरीही जाऊन आली, काय बोलली, त्यांनी काय ऐकवलं, मला नाही माहीत. घरी आली, खोलीत गेली, आणि बसली. नोकरी सुटली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, माझ्या बहिणीने येऊन रागवून झालं. शेवटी दातांच्या दवाखान्यात ही असली टाकी बघितली, म्हटलं, मोटारींशिवाय मला येतंय काय, निदान घरात काहीतरी हलेल तरी.

तर ते फूल. तुमच्या मुलाचं फूल. फूल नसतंच ते, जनावर आहे, पाय असतो त्याला, चालतं. दुकानदार स्पष्ट म्हणाला होता, टाकी निदान सहा-आठ महिने जुनी होऊ द्या, नव्या पाण्यात ते टिकत नाही. ती माझ्याबरोबर आली होती त्या दुकानात — हो, घराबाहेर, रस्त्याने, माझ्याबरोबर चालत! — आणि तीच म्हणाली, थांबू या बाबा. तिला थांबता येतं. मला नाही आलं. तिसऱ्या महिन्यात ती दोन दिवस बाहेरच आली नाही, आणि मी घाबरलो. गेलो आणि घेऊन आलो. पिशवीत, पाण्यात. ती बघून म्हणाली, ‘‘बाबा, अजून नाही हो,’’ — रागावली नाही, रडकुंडीला आली. पण मग ते पाण्यात सोडलं आणि तिला तिथून हलवेना. त्याच्यासाठी तिने पहिलं काम काय केलं? पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला. कारण ते चालत चालत पंपाकडे गेलं की आत ओढलं जातं, चिंधड्या होतात, आणि त्याचं विष सगळ्या पाण्यात. स्पंज असला की नाही जात. एवढासा तुकडा, भांडी घासायला असतो तेवढा. विसरू नका, तुमच्या मुलालाही सांगा. नऊ दिवस झाले, दहाव्या दिवशी ती मोठी मासोळी त्या फुलात शिरली. ही खुर्ची ओढून पुढ्यात बसली, जेवणाचं ताटही इथेच आणलं. मला म्हणाली, ‘‘बाबा, मी पुढच्या महिन्यात कुठेतरी विचारून बघू का? लॅब नको, पण दुसरं काही.’’ मी म्हटलं, बघ की. काही विशेष नाही अशा आवाजात म्हटलं. न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी — ते शेवटचं पान नका वाचू ताई. ठेवा वही. ...वाचलंत. बरं. ‘‘स्पंज लावायला विसरले. चूक माझी.’’ तारीख, वेळ, सही. तसंच घडलं म्हणायचं. पाणी दुधासारखं झालं होतं, पंप चोंदलेला, त्या फुलाचं काही ओळखू येत नव्हतं. तिने मासे बादलीत काढले, नवं पाणी करत बसली दुपारपर्यंत, मीठ मोजताना सारखी चुकत होती ती — ती! लहानगा आधी गेला. ती मोठी दोन वाजेपर्यंत होती. मग ही ओल्या हातांनी जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, ‘‘बाबा, परवा मी पंप धुतला ना, स्पंज परत बांधला होता का मी? मला आठवत नाहीये. मला आठवतच नाहीये.’’

बांधला होता. तिने बांधला होता ताई. मी सोडला. आदल्या संध्याकाळी पंपाचा आवाज मला दबका वाटला, चाळीस वर्षांचे कान माझे, म्हटलं स्पंजामुळे मोटारीवर ताण येतोय, जरा मोकळी फिरू दे, जेवून झालं की लावतो. पिळून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि विसरून तसाच झोपलो. ती विचारत होती तेव्हा तो माझ्या खिशात होता, तोच शर्ट अंगात, इथे छातीशी गार लागत होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘‘होतं गं असं. माणूस आहे, चुकतं.’’ प्रेमाने म्हणालो. डोक्यावरून हात फिरवला तिच्या. तिने मान हलवली — अशी, हळू, जणू तिला हे कधीचंच ठाऊक होतं. उठली, टाकी धुतली, दगड घासले, वहीत ते लिहिलं आणि आत गेली. आठ महिने झाले.

सांगा म्हणता. तुम्हाला काय वाटतं, मी दारापाशी गेलो नाही? त्याच दिवशी सांगितलं असतं तर वेगळं होतं. चार दिवसांनी सांगितलं असतं तरी चाललं असतं. मग म्हटलं, जरा सावरू दे. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं — की बेटा, चूक तुझी नव्हती, माझी होती, आणि तू आठ महिने ती उचलून बसलीस ते मी बाहेर बसून बघितलं? माशांचं ती माफ करेल. हे कसं करेल? आणि तिला माझ्याशिवाय कोण आहे? मी तिच्या बाजूचा, एवढं एकच आहे तिच्याकडे, तेही काढून घेऊ? आणि हेही खरं नाही, ताई. खरं म्हणजे मला भीती वाटते. बस. मला भीती वाटते, तिच्यासाठी वगैरे काही नाही.

तुम्ही बोलता तिच्याशी? नको. कृपा करा, नको. चांगल्या आहात तुम्ही, पण नको. टाकी उद्या न्या, कुणाला तरी सोबत आणा. किंवा त्याला गोड्या पाण्यातले साधे मासे घेऊन द्या, तेही छान असतात, पोरं काय, दोन दिवसांत विसरतात. उठा आता. दीड वाजत आला, तिच्या जेवणाची वेळ. ताट झाकून ठेवलंय ओट्यावर. नाही, हाक मारायची नसते. मीही येतो तुमच्याबरोबर, खाली जिन्यात बसतो अर्धा तास. मी घरात असलो की ती बाहेर येत नाही. चपला हातात घ्या, दाराबाहेर घाला — आवाज नको. चला.