डोके गुडघ्याला टेकवल्याबाबत

बोईसर पोलीस ठाणे, दि. ९ फेब्रुवारी १९८९

मी इंदुबाई भगवंत खरात, वय ४१ वर्षे, धंदा कारखान्यात पॅकिंगचे काम, मूळ राहणार जालना जिल्हा, सध्या कुंभवली. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

आमच्या खात्यात बायका दिवसभर जमिनीवर बसून पिशव्या शिवतात. कंबर दुखते म्हणून आम्ही बसायला बाकडी मागितली. मॅनेजर कुलथे साहेबांनी योगाचा वर्ग दिला. बाकड्याला लाकूड लागते, वाकायला काही लागत नाही.

शिकवायला बेटेगावच्या चंद्रकांताबाई येत. बसून पाय लांब करायचे आणि पुढे वाकायचे, असे ते आसन. बाई पहिल्यापासून सांगत, "गुडघे थोडे वाकवा, कंबरेतून पुढं या. डोकं टेकलं नाय तरी चालंल. कोनी मागून दाबायचं नाय." साहेब हे ऐकायला कधी आले नाहीत. त्यांना सगळे येतच होते.

मागच्या शुक्रवारी फोटोवाला आला. बाकीच्यांची डोकी टेकली, माझे वरच राहिले. फोटो बिघडेल म्हणून साहेबांनी मागून येऊन दोन्ही हातांनी माझी पाठ दाबली. बाई "सोडा साहेब" म्हणत धावल्या. कंबरेत कळ निघाली, डावा पाय तेव्हापासून बधिर आहे. डोके मात्र टेकले. फोटो छान आला असे ऐकते.

दवाखान्यात साहेब मोसंबी घेऊन आले. आजवर "ए पॅकिंग" म्हणत, त्या दिवशी "ताई" म्हणाले. बाईंनीच दाबले असे मी सांगावे, मग हलके काम मिळेल, असे त्यांचे म्हणणे. कारखान्याच्या तक्रारीतही तसेच लिहिले आहे. साहेबांच्या नकळत लिहिले असेल.

चंद्रकांताबाईंनी मला हातही लावला नाही. दाबू नका म्हणणारी ती एकटी, आणि अटक तिला व्हायची, याची मला चीड आहे. दाबणारे हात कुलथे साहेबांचे होते.

माझे पती भगवंत त्याच कारखान्यात बॉयलरवर आहेत. ते आज सोबत आलेले नाहीत. सकाळी म्हणाले, "बाईवर ढकल आन् घरी ये. दोघांची नोकरी हाय." मला भीती वाटते, हेही लिहावे. मी बाईंवर ढकललेले नाही. घरी जायचे बाकी आहे.

जबाब मला वाचून दाखविला. मी बोलले त्यापेक्षा सभ्य आहे, पण खरा आहे.

सही : इंदुबाई खरात