कोपरे काढलेलं घर

नाही नाही ताई, चित्रात सरळच आहे, बघितलं मी — तुमचं म्हणणं बरोबर, कोपऱ्याला धार असली की टेबल कसं टेबलासारखं दिसतं — पण हात फिरला माझा, काय करू. एक कोपरा गेला गोल. आता एक गोल आणि तीन सरळ ठेवले तर बघणारा म्हणेल, सुतार पिऊन आला होता. फळी बदलून देतो, काळजी करू नका. तुमच्याकडे लहान कोणी नाही ना? नाही. मग सरळच शोभेल. आमच्याकडे एक कोपरा शिल्लक नाही बघा. अख्ख्या घरात नाही. हसू नका, खरंच सांगतोय.

मुलगी आहे. एकच. चार पूर्ण झाली. ठकी म्हणतो तिला — लाकडाची बाहुली असते ना, तशी ठोकळा होती जन्मली तेव्हा. तर तिला डाग यायचे. काळेनिळे. आता नडगीवर सगळ्या पोरांच्या असतात, खेळणारं पोर म्हटल्यावर असायचेच — पण हिच्या दंडावर, पाठीवर, एकदा मांडीवर आला तो बशीएवढा. कुठे पडलीस गं? तर म्हणे, नाही पडले. आणि ते खरं वाटायचं, कारण रडलेली कोणी ऐकलेली नसायची. आता सुताराला काय दिसणार? कोपरा दिसणार. पलंगाचे काढले, कपाटाचे काढले, टीव्हीखालचा ठोकळा, दाराची चौकट, सगळ्यावर रंधा मारला. ओटा दगडी, त्याला रबर चिकटवलं. बायको म्हणाली, आता भिंतींचेही काढा म्हणजे झालं. थट्टा करायची ती तेव्हा. शेजारच्या काकू म्हणाल्या, रक्त कमी असेल, पालेभाज्या द्या — दिल्या. साडू म्हणाला, कसलंसं व्हिटॅमिन कमी पडतं — आणलं. एकाने एका आजाराचं नाव घेतलं, ते मी घरात उच्चारलं नाही. आणि डाग येतच राहिले. घरात टोचण्यासारखं काही उरलं नाही, तरी येतच राहिले. मग राहिलं काय? तुमच्या मनात आलं ना आत्ता? आलंच. माझ्याही आलं. लाकूड संपल्यावर माणसंच उरतात की.

चहा ठेवा तिथेच, घेतो. गार चालतो मला. हल्ली गरम काय, गार काय.

तर डॉक्टरकडे नेलं. बाई चांगल्या होत्या, ठकीशी आधी खेळल्या, मग एकेक डाग बघितला, शांतपणे. पडते का, हिरड्यांतून रक्त येतं का, नाकातून येतं का, कुठलं औषध चालू आहे का, ताप, वजन, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, घरात आणखी कुणाला असं होतं का — जरा लागलं की काळंनिळं, रक्त लवकर थांबत नाही, असं? मी म्हटलं, छे, कुणालाच नाही. ठणकावून सांगितलं. बायको शेजारच्या खुर्चीवर बसली होती, तिला विचारलंसुद्धा नाही मी. घरातलं मला ठाऊक नाही तर कुणाला? मग बाईंनी विचारलं, दिवसभर मुलीजवळ कोण असतं? आणि मी मान वळवून बायकोकडे बघितलं. एवढंच. बोललो काही नाही तिथे. बोललो ते बाहेर आल्यावर, पाण्याच्या पिंपाजवळ. ठकी पेला भरत होती. मी म्हटलं, तू मारतेस का गं हिला?

रडली? नाही हो. ओरडलीही नाही. बाही वर केली तिने. खांद्यापर्यंत. दंडावर दोन डाग, एक पिवळा पडलेला, एक ताजा. म्हणाली, आणि मला कोण मारतं? लग्नाला एवढी वर्षं झाली, ताई. फळीत केसाएवढी चीर असली तर लांबून ओळखतो मी. आणि हे रोजचं, हाताशी असलेलं — काखेत कळसा म्हणतात ना, तसली गत. ती म्हणाली, लहानपणापासून आहे, आईलाही होतं, आमची कातडीच हळवी असं आई म्हणायची, त्यात सांगायचं काय? मला वाटलं तुम्ही बघताच आहात. असं म्हणाली — मला वाटलं तुम्ही बघताच आहात. मग ठकीचा हात धरून, मला तिथेच सोडून परत आत गेली आणि बाईंना दाखवून आली. दोघींचं रक्त तपासलं. एकच दोष निघाला. रक्त गोठायला वेळ लागतो, आईकडून आलेलं. मोठं काही नाही. बाई म्हणाल्या, दात काढायचा असला, कुठे कापाकापी करायची असली तर आधी सांगायचं, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही, बाकी पोरगी धडधाकट आहे. बाळंतपणात बायकोचं रक्त थांबता थांबत नव्हतं, तेही तेव्हा कळलं मला. मी बाहेर बसलो होतो ना.

आनंदच की! आनंदच व्हायला पाहिजे. साडूने पेढे — नाही, पेढे नाही, फोन केला, सुटलात म्हणाला. मीही म्हटलं, सुटलो. पण मला काही वाटलंच नाही. अजून वाटत नाही. ठोकताना बोटावर हातोडी बसते ना, पहिल्यांदा बोट नुसतं बधिर होतं, कळ मागून येते — तसं म्हणावं, तर कळ काही येत नाहीये अजून.

माफी? मागितली ना. ती म्हणाली, जाऊ द्या, कुणालाही वाटलं असतं. मिटलं, असं मलाही वाटलं. पुन्हा थट्टा करायला लागली होती, ओट्याचं रबर काढा म्हणाली, किळस येते. आणि मग गेल्या रविवारी — तुम्हाला कशाला सांगतोय मी हे — आतल्या खोलीत धप्पकन आवाज झाला, ठकी किंचाळली. मी धावलो. पोरगी जमिनीवर पडली होती, स्टुलावरून घसरली होती, बायको शेजारीच उभी. आणि ताई, मी पोरीकडे नाही बघितलं आधी. बायकोच्या हातांकडे बघितलं. रिपोर्ट कपाटात आहे, सगळं माहीत आहे, आणि तरी नजर गेली ती तिच्या हातांवर. तिने बघितलं माझ्याकडे. मग ठकीला उचललं, पाठ चोळली तिची.

रात्री जेवायला वाढलं, झोपली. दुसऱ्या दिवसापासून घरात पूर्ण बाहीचं घालते. उकडतं एवढं, तरी मनगटापर्यंत. आणि ठकीच्या अंगावर नवा डाग आला की मी घरी गेल्या गेल्या तिला माझ्यासमोर उभी करते, फ्रॉक वर करून दाखवते — हा आजचा, दाराला लागला, बघून घ्या. शांतपणे सांगते. तिचे स्वतःचे डाग मात्र दाखवत नाही. असणार की, जातात कुठे? पण कुठे आहेत ते आता मला माहीत नाही.

असो. ती नवी फळी इकडे सरकवा जरा. सरळच ठेवतो, चारही. तुम्ही आत जा ताई, दार ओढून घ्या — मशीन लावतोय, काही ऐकू यायचं नाही आता.