घुंगरू बांधलेला निंजा

नाही, पण मला एक सांगा, छत्री? माणसाला मारायचंच आहे ना तुम्हाला, मग तलवार घ्या, भाला घ्या, अगदीच काही नाही तर उलथनं घ्या, पण छत्री? आणि मारतंय कोण, तर एक म्हातारी! कमरेत वाकलेली, पांढरा अंबाडा, पुलाच्या त्या टोकाला उभी. आणि मी कोण, तर निंजा! काळे कपडे, तोंडाला फडकं, पाठीला दोन तलवारी, तीन मजली भिंत चढून आलेला निंजा, आणि ती म्हातारी काय करते, तर छत्री उघडते. फट्! बास, तेवढ्यानं मी पुलाखाली, आणि पडद्यावर लाल अक्षरं... 'आपण मेलात.' 'आपण' हं! मारतात ते मारतात, वर अहोजाहो करतात!

तुम्हाला सांगतो, व्हिडिओ गेम आहे हा. नाव घेत नाही, नाव घेतलं की डाव्या अंगठ्यात कळ येते. आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास होतो तर खेळू नकोस! अहो, मी खेळायला गेलोच नव्हतो, मी मतं वाचायला गेलो होतो! या खेळाचं एक पान आहे, तिथं खेळणारे आपापली मतं लिहितात, आणि खेळापेक्षा ती मतंच जास्त रक्तबंबाळ. 'लंगडा ससा' नावाचा एक जण लिहितो, 'सहा महिने झाले, पुलावरच आहे, घरी सांगा मी बरा आहे.' दुसरा 'गणिताचे सर', तो म्हणतो, 'छत्रीचा कोन चुकीचा आहे, आकृती सोबत जोडली आहे.' एक जण नुसतं लिहून जातो, 'संगीत छान.' अरे, घर जळतंय आणि तू म्हणतोस उजेड छान पडलाय? आणि एक 'झोपाळू बिबट्या'! म्हणे, 'म्हातारी? कुठली म्हातारी? हां हां, ती होय, मी जेवता जेवता मारली.' या माणसाला मी ओळखत नाही, पण आयुष्यात एकदा भेटायचंय त्याला. छत्री घेऊन जाणार आहे.

आणि भांडण कशावरून, तर घुंगरावरून. म्हणजे कसं, दर पन्नास वेळा मेलात की खेळ विचारतो, अगदी गोड आवाजात, 'सौम्य मार्ग हवा का?' हो म्हणालात की घाव निम्मे लागतात, पण... निंजाच्या कमरेला घुंगरू बांधतात. निंजाला! ज्यानं आयुष्यभर पावलाचा आवाज होऊ दिला नाही, तो छुम् छुम् करत शत्रूच्या गोटात शिरतो! आणि अपमान तिथं संपत नाही, मतांच्या पानावर तुमच्या नावापुढं कायमचं एक बारीक घुंगराचं चित्र लागतं. म्हणजे निम्मे लोक म्हणतात, काय हरकत आहे, खेळच तर आहे, आणि निम्मे म्हणतात, घुंगरू बांधण्यापेक्षा मेलेलं बरं.

आता मी कसा माणूस आहे, हे तुम्हाला माहीत नाही. कॉलेजात ग्रंथालयाची वेळ अर्ध्या तासानं कमी केली, म्हणून मी दोन दिवस पायऱ्यांवर बसलो होतो. एकटा. दुसऱ्या दिवशी शिपाईमामा म्हणाले, 'जरा सरकता का, झाडायचंय.' सरकलो, पण उठलो नाही! तर असा मी, मी काय घुंगराच्या बाजूनं बोलणार? 'निर्भीड' हे नाव घेतलं आणि सदतीस ओळींचं मत ठोकून दिलं. म्हटलं, जग लबाड आहे, वशिल्यावर चालतं, हा खेळ तेवढा प्रामाणिक आहे! चुकलात तर मराल, शिकलात तर जगाल, याहून न्याय्य काय असतं? आणि शेवटी लिहिलं, आजही ते वाक्य मला झोपेत ऐकू येतं, 'ज्याच्या निंजाला घुंगरू आहे त्यानं मत देऊ नये. त्याला मत नसतं, नुसता आवाज असतो.'

बास! वणवा! दोन हजार तीनशे अकरा लोकांनी अंगठे वर केले. 'सर्वांत उपयुक्त मत' म्हणून पानाच्या डोक्यावर लागलं!

फक्त एक बारीकशी गोष्ट होती. हे मी लिहिलं तेव्हा मी खेळाचा फक्त पहिला दरवाजा ओलांडला होता. चार तास झाले होते खेळायला लागून. पुलाबद्दल वाचलं होतं हो, पण वाचलेलं आपल्याला लागू होतं असं तरुणपणी कुणाला वाटतं?

मग आलो पुलावर. फट्! आपण मेलात. उजवीकडून गेलो, आपण मेलात. गुडघ्यावर बसलो, आपण मेलात. एकदा तर काहीच केलं नाही, म्हटलं म्हातारी माणूस आहे, दया येईल... आपण मेलात! आणि पानावर लोक विचारतायत, 'निर्भीडभाऊ, म्हातारी कशी मारलीत? जरा सांगा ना.' आता काय सांगू? मी उत्तर दिलं, 'सांगितलं तर तुमचा संघर्ष हिरावल्यासारखं होईल.' त्यालाही नऊशे अंगठे!

सहाशे चाळीस वेळा मेलो. मोजले मी. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, मागून जाता जाता म्हणते, 'नोकरीचा अर्ज भरलास का रे?' म्हटलं, शोधतोय, तत्त्वात बसणारी मिळाली पाहिजे. म्हणाली, 'त्या म्हातारीला विचार ना, तिच्याकडे रोज जातोस. कामाची बाई दिसते.'

आणि यात बाबा कुठून आले? तेच सांगतोय. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू फिरवले त्या माणसानं. एक दिवस दुकानात स्टुलावरून पडले, उजवं मनगट गेलं. प्लास्टर निघालं, पण अंगठा वळेना. चिमटा धरला की गळून पडे. तीन महिने दुकानाचं शटर खाली, आणि बाबा घरात खुर्चीवर, मांडीवर अवजारांची पेटी. उघडायची नाही, नुसती धरून बसायचं. आई म्हणायची, 'अहो, ठेवा ती खाली.' तर म्हणायचे, 'राहू दे, जड नाहीये.' तुम्हाला सांगतो, ते 'जड नाहीये' ऐकलं ना, की मी म्हातारीसुद्धा विसरायचो.

व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या, त्यांनी स्पंजचा चेंडू दिला दाबायला. बाबा म्हणाले, 'हे काय लिंबू आहे पिळायला?' एकदा त्या बाईंना माझा रिमोट दिसला, दोन्ही हातांत धरतो तो, बटणांचा. 'अगंबाई! काका, हे खेळा की! दोन्ही अंगठे, दहाही बोटं. रोज दुपारी दोन तास.' आणि लावून कुणी दिलं? मीच! माझ्याच नावावर, माझ्या शेजारचा रिकामा खण उघडून दिला, म्हणजे नाव एकच, पण ज्याचा त्याचा खेळ ज्याच्या त्याच्या खणात साठतो. म्हटलं, दोन दिवसांत कंटाळतील आणि मुकाट चेंडू घेतील. जाताना बजावलं, 'बाबा, पडद्यावर काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं.' बाबा म्हणाले, 'बरं.'

मी रोज दुपारी ग्रंथालयात, अर्ज भरायला. दोन आठवडे गेले. एके दिवशी तिथंच बसल्या बसल्या सहज ते पान उघडलं, आणि माझ्या नावापुढं... निर्भीड... आणि पुढं घुंगरू! इवलंसं, सोनेरी, हलणारं घुंगरू! खाली लोकांची जत्रा. 'निर्भीडभाऊ, मत येत नाहीये, नुसता आवाज येतोय!' 'झोपाळू बिबट्या' म्हणतो, 'मला वाटलंच होतं.' तुला काय वाटलं होतं रे, तू जेव आधी! आणि त्यातल्या साडेतीनशे लोकांनी काय लिहिलं होतं माहितीये? एकच शब्द. 'छुम.' ओळीनं. छुम, छुम, छुम, छुम...

तसाच धावत घरी. चपला दारात एक आत एक बाहेर, म्हटलं आज बोलणारच, वडील असले म्हणून काय झालं, तत्त्व म्हणून काही आहे की नाही! 'बाबा! तुम्हाला नाही म्हणायला सांगितलं होतं ना?' बाबा खेळत होते. मान न वळवता म्हणाले, 'अरे, इतक्या नम्रपणे विचारत होते बिचारे. उगाच नाही कशाला म्हणायचं?' आणि मी पडद्याकडे बघतो तर... म्हातारी नाही. पूल नाही. पूल कधीच मागं पडला होता हो! माझे बाबा, ज्यांना परवापर्यंत रिमोट उलटा धरायची सवय होती, ते शेवटच्या दरवाजापाशी उभे!

म्हटलं, 'बाबा... म्हातारी?' 'ती होय. चांगली आहे बाई. तिचा लंबक तेवढा बिघडलाय.' 'काय?' 'ऐक ना. डावीकडे जास्त थांबते, उजवीकडे कमी. टक... टक... आणि तिसऱ्या ठोक्याला छत्री. आधी समजत नव्हतं, मग ते घुंगरू बांधलं त्यांनी, आता कसा बरोबर ठोका मिळतो. तू नाही बांधलंस?'

तू नाही बांधलंस! सहाशे चाळीस वेळा मेलेल्या माणसाला विचारतायत, तू नाही बांधलंस?

मी मनाशी पक्कं ठरवलं, हे पुसायचं. पुसता येतं. 'सर्व नोंदी पुसू का?' असं बटण आहे, दाबलं की नावापुढचं घुंगरू जातं, कलंक जातो, पण त्या नावावरचे सगळे खण जातात, बाबांचासुद्धा. बाबा पाणी प्यायला उठले, मी रिमोट घेतला. 'सर्व नोंदी पुसू का? हो. नाही.' अंगठा 'हो'वर. तेवढ्यात आई आली, मनगट पुढं करून. 'बघ रे, माझं घड्याळ. चार महिने बंद होतं. सकाळी तुझे बाबा उघडून बसले होते, तो एवढासा स्क्रू, एकदासुद्धा पाडला नाही.' आणि मागून बाबा, पाण्याचा पेला उजव्या हातात... उजव्या... म्हणाले, 'अरे, तो एक दरवाजा राहिलाय, तेवढा होऊ दे. मग सोमवारपासून दुकान उघडतो म्हणतोय.'

आता सांगा. दोन हजार तीनशे अकरा लोकांसमोरची माझी अब्रू, आणि समोर तो पाण्याचा पेला.

'नाही' दाबलं. तुम्हाला सांगतो, त्या खेळात माझा अंगठा वेळेवर हलला तो तेवढा एकदाच.

बाबांनी शेवटचा दरवाजा शनिवारीच ओलांडला. खेळानं विचारलं, 'आपलं मत द्याल का?' आता इतक्या नम्रपणे विचारल्यावर बाबा नाही म्हणणार? आणि नियम असा, की एका नावाला एकच मत. नवं आलं की जुनं जातं. माझ्या सदतीस ओळी, तो न्याय, तो प्रामाणिकपणा, तो वशिला, सगळं गेलं! आणि 'निर्भीड' या नावाखाली आता काय आहे? 'खेळ मजबूत बनवला आहे. म्हातारीबाई तिसऱ्या ठोक्याला छत्री उघडतात. घुंगरू जरूर बांधावे, ठोका चुकत नाही. ज्यांचा हात दुखतो त्यांनी मधे मधे थांबावे. आपला, निर्भीड.'

नऊ हजार अंगठे! नऊ हजार! खाली लोक रडतायत, 'निर्भीडभाऊ, आपलं मत असं जाहीरपणे बदलायला केवढं मोठं मन लागतं!' 'गणिताच्या सरांनी' नवी आकृती जोडली आहे, घुंगरासकट. आणि 'लंगडा ससा', सहा महिन्यांनी, त्यानं एक ओळ लिहिली, 'पूल ओलांडला. घरी येतोय.' मला जरा भरूनच आलं. मग लक्षात आलं, आता पुलावर कोण उरलं? मी. एकटा. पायऱ्यांवर बसलो होतो तसा. आणि इथं तर 'जरा सरका' म्हणायला शिपाईमामासुद्धा नाहीत!

सोमवारी बाबा दुकानात गेले, पेटी उजव्या हातात घेऊन. ताई कामावर. घरात आई आणि मी, आई आत. मी आपला बसलो माझा खण उघडून. फट्, आपण मेलात. पुन्हा फट्, पुन्हा आपण. आणि तो गोड आवाज आला, 'सौम्य मार्ग हवा का?' याआधी बारा वेळा विचारलं होतं त्यानं, बाराही वेळा बाणेदारपणे नाही म्हटलं होतं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हटलं, नावापुढं घुंगरू लागलेलंच आहे, तत्त्व तर नऊ हजार लोकांच्या देखत गेलेलंच आहे, आता वाचवायचं काय उरलंय? निदान म्हातारी तरी मरू दे!

दाबलं 'हो'.

बांधलं घुंगरू. निघालो पुलावरून, छुम् छुम् छुम् छुम्... म्हातारी वळली. टक... घाव निम्मे लागतायत... टक... अरे, खरंच ठोका कळतोय, बाबा बरोबर म्हणत होते, आता तिसरा, आता डावीकडे... आणि घुंगराचा आवाज ऐकून आतून आई ओरडली, 'अगंबाई, आलात पण दुकानातून? बरं वाटत नाहीये का?'

'नाही गं, मी आहे' म्हणायला मी मान वळवली, आणि... फट्!

आपण मेलात.

घुंगरासकट.