नळीतला आवाज

कान तपासायच्या दवाखान्यात आपल्या नंबरची वाट बघत बसलेल्या मॅबेलच्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं, आणि त्यांचं भांडण अख्ख्या काउली गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात चाललं होतं.

"माझे कान ठणठणीत आहेत, बेरील! बहिऱ्या माणसाला मिनी कूपर ट्यून करता येईल का?"

"हळू बोल, विल्फ."

"रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरचा फुसफुसाट अगदी सारखा करतो मी. म्हणून तर इंजिन शिवणाच्या मशीनसारखं चालतं!"

"चालतं ना. तू हात धुवायला गेलास की मी तीच नळी कानाला लावते आणि आवाज खरंच सारखा होईपर्यंत कार्बोरेटरचे स्क्रू परत फिरवते."

"काय?"

"स्क्रू परत फिरवते!"

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. दर रविवारी."

"अगं, पण परवा टेकडीच्या शर्यतीत चषक मिळाला मला!"

"मिळाला की. चालवलीसच तशी छान."

"मिस्टर हॉब्डे!" दारातून नर्सने हाक मारली. "मिस्टर हॉब्डे, आत या!"

"विल्फ, ऐकलंस ना?"

"ऐकलं. मी हात धुवायला गेलो की तू स्क्रू फिरवतेस, म्हणालीस."